देवाधर्माची गोळी

देवयानीला एकच गोष्ट हवी होती आणि ती कुणाकडे मागायची सोय नव्हती. तिला मूल नको होतं. म्हणजे सहा वर्षांची सान्वी होती, ती हवीच होती, जीव टाकावा इतकी हवी होती. दुसरं नको होतं. यात न समजण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण डोक्याच्या गोळ्या खाणारी बाई काही नको म्हणाली की घरचे तिच्याकडे बघत नाहीत, एकमेकांकडे बघतात.

कल्याणजवळ मोहन्याला, बंद पडलेल्या कंपनीच्या भिंतीमागे, चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. नवरा प्रीतम डोंबिवलीच्या एमआयडीसीत पॅकिंगला. सासू आवडाबाई मूळच्या पोलादपूरकडच्या, देवाधर्माच्या बाबतीत कडक आणि बाकी सगळ्या बाबतींत त्याहून कडक. मोठी नणंद समृद्धी कळव्याला दिलेली. सान्वी तिच्याकडे वाढत होती, आणि देवयानीच्या काळजातली कळ तीच होती.

सान्वी झाली तेव्हा महिनाभरातच देवयानीची झोप उडाली आणि झोपेच्या मागोमाग डोकं गेलं. हे माझं बाळ नाही, दवाखान्यात कुणीतरी बदललं, असं तिच्या मनानं घेतलं. एका दुपारी बाळाला छातीशी धरून ती घराबाहेर पडली ती रिक्षा बदलत बदलत थेट शीळफाट्याला पोचली. माझं खरं बाळ कुणी नेलं, असं चौकातल्या रिक्षावाल्यांना विचारत फिरली आणि फिरता फिरता हातातलं बाळ एका रिक्षाच्या मागच्या सीटवर ठेवून निघून गेली. रिक्षावाला भला होता. त्याच संध्याकाळी समृद्धीनं बाळ कळव्याला नेलं, चार दिवसांसाठी म्हणून. समृद्धीला स्वतःचं मूल नव्हतं. त्या चार दिवसांची सहा वर्षं झाली. आता सान्वी समृद्धीला आई म्हणायची आणि देवयानीला मामी.

गोळ्यांनी देवयानी सावरली. अंग सुटलं, हात किंचित थरथरायचे, पाळी कधी दोन महिन्यांनी तर कधी चार महिन्यांनी यायची, पण डोकं जागेवर आलं. मागच्या अक्षय्यतृतीयेला समृद्धी आली तेव्हा देवयानीनं तिचे पायच धरले. पोर परत द्या म्हणाली. समृद्धीनं पाय सोडवून घेतले. मग म्हणाली, "वर्षभर नीट राहा. एकदा पण काही झालं नाही पाहिजे. मग पुढच्या वर्षी जूनमध्ये सान्वीला पहिलीला इकडच्या शाळेत घालू." नाखुशीनं म्हणाली, पण म्हणाली. देवयानीला तेवढं पुरे होतं.

आवडाबाईंचा हिशेब वेगळा होता. सान्वी राहू दे समृद्धीकडे, तिचीही कूस उजवल्यासारखी झाली. देवयानीला दुसरं होऊ दे. पोर मांडीवर खेळायला लागलं की डोकं आपोआप ताळ्यावर येतं, गोळ्या लागत नाहीत, त्यांच्या चुलतसासूच्या सुनेचं असंच झालं होतं. ही चुलतसासूची सून कुणी कधी पाहिली नव्हती. पण घरात तिचं वजन ठाण्याच्या डॉक्टरपेक्षा जास्त होतं.

देवयानीला मात्र पक्कं माहीत होतं. पुन्हा दिवस गेले की गोळ्या सुटणार, बाळंतपणात झोप जाणार, डोकं पुन्हा जाणार. आणि मग सान्वी कायमची गेली. हे कळायला तिला डॉक्टर लागत नव्हता, ती त्यातून एकदा गेलेली होती.

आधी तिनं नवऱ्याला सांगून बघितलं. प्रीतम वाईट माणूस नव्हता. तिला दवाखान्यात न्यायला तो महिन्याची एक सुट्टी न कुरकुरता टाकायचा, ती रडली तर डोक्यावरून हात फिरवायचा. पण दमलेल्या माणसाला जेवढं ऐकायचं असतं तेवढंच ऐकू येतं. "तुझी पाळीच धड येत नाही," तो म्हणाला. "काय होणार आहे? उगाच टेन्शन घेतेस." काहीतरी वापरा म्हणाली तर तो हसला, आणि मग न हसता म्हणाला, "आई म्हणते ते पण खरं असेल ना. दुसरं झालं तर कदाचित तू बरी होशील." बायकोजवळ यायचं मात्र त्यानं थांबवलं नाही. नाही म्हणावं तर तो डॉक्टरला सांगणार, हल्ली ही चिडते, आणि डॉक्टर विचारणार, गोळ्या नीट घेते ना? म्हणून तीही नाही म्हणायची नाही.

मग तिनं सरकारी आरोग्य खात्याच्या आशाताईला, शालनला गाठलं. शालनताई घरोघर फिरायची, कुणाला तांबी, कुणाला तीन महिन्यांचं इंजेक्शन, कुणाला गोळ्या. शेजारच्या दारात बसून ती निरोधाची पाकिटं चॉकलेटं वाटावीत तशी वाटायची. आवडाबाईंच्या दारात मात्र ती कधी बसली नव्हती. देवयानीनं तिला नळापाशी अडवलं.

"शालनताई, मला तांबी बसवायची आहे."

शालननं तिच्याकडे नीट बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर दया आली. "तुला गं कशाला? तुझं ते औषध चालू आहे ना?"

"म्हणून काय झालं?"

"नाही म्हणजे…" शालन अवघडली. "मला वाटलं, तुमच्यात आता तसं काही नसेल. तू आजारी असतेस म्हणून मी तुला धरतच नाही कधी." मग घाईघाईनं म्हणाली, "बसवू या की. आवडामावशींना एकदा विचारते हं, नाहीतर मागून माझ्यावर यायचं."

तिनं विचारलं. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. आवडाबाई देवासमोर बसून रडल्या, या घराचा वंश बुडवायला निघालीय म्हणून. प्रीतम म्हणाला, "मला न सांगता बाहेर बोलायची काय गरज होती?" त्यानंतर शालन तिला दिसली की रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायची.

राहिले डॉक्टर. ठाण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात तिला दर महिन्याला नेत. डॉक्टर तरुण होता, दाराबाहेर गर्दी, त्याचे प्रश्न ठरलेले: झोप लागते का, भूक लागते का, आवाज येतात का. उत्तरं प्रीतम द्यायचा. ती खुर्चीत बसलेली असायची आणि दोघे तिच्याबद्दल बोलायचे, वहीला टाचलेल्या पावतीबद्दल बोलावं तसे. एकदा प्रीतम फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा तिनं संधी साधली. "डॉक्टर, मला दिवस राहायला नकोत. काहीतरी द्या."

"ते बायकांच्या विभागात," तो म्हणाला. चांगल्या शब्दांत म्हणाला. "तळमजल्यावर."

ती तळमजल्यावर गेली. तिथल्या सिस्टरनं फाईल उघडली आणि लगेच मिटली. "मानसिकची पेशंट आहेस. वरच्या डॉक्टरची चिठ्ठी आण. आणि मिस्टरांना घेऊन ये." वर गेली तर पुढचा पेशंट आत बसलेला, आणि प्रीतम जिन्यात उभा, घामाघूम. "कुठे गेली होतीस? मी सगळीकडे शोधतोय. परत तसं काही करणार आहेस का?" तसं काही म्हणजे शीळफाटा. त्यानंतर त्यानं दवाखान्यात तिचा हात सोडला नाही. नाक्यावरच्या गणूच्या मेडिकलात तिनं एकदा सरळ मूल न होण्याची गोळी मागितली होती, तर गणू मान वर न करता म्हणाला, "प्रीतमला पाठवा, वहिनी."

इथवर सगळी दारं बंद झाली. आणि मग, आवडाबाईंनीच एक दार उघडून दिलं.

त्यांच्या घरी गौरी बसत. तीन दिवस घरात विटाळ चालत नसे, आणि नैवेद्याला घरात सून एकटीच. देवयानीच्या पाळीचा नेम नाही, ऐन गौरीत आली तर काय घ्या. म्हणून आवडाबाईंनी स्वतः जाऊन गणूकडून गोळ्यांची पट्टी आणली. पाळी पुढे ढकलायची गोळी. चाळीतल्या सगळ्याच बायका सणावाराला घेत. गणू त्या गोळ्यांना देवाधर्माची गोळी म्हणायचा आणि मागितल्या की द्यायचा, ना चिठ्ठी ना प्रश्न.

देवयानीनं ती बारकी पांढरी गोळी तळहातावर घेतली आणि तिच्या मनात उजेड पडल्यासारखं झालं. पाळी थांबवते ती गोळी म्हणजे आतलं सगळं थांबवत असणार. आतलं थांबलं तर मूल कुठून राहणार? शालनच्या पिशवीतल्या गोळ्याही अशाच दिसायच्या. सांगायला कुणी असतं तर सांगितलं असतं, की बाई, ही ती नव्हे, आणि अशी अधूनमधून घेऊन तर मुळीच नव्हे. पण विचारायचं तिथं तिनं विचारून झालं होतं.

मग देवयानी देवभोळी झाली. मार्गशीर्षातले गुरुवार तिनं धरले. शुक्रवार धरले. सोळा सोमवार बोलली. कुणाकडे सत्यनारायण असला की मदतीला पहिली ही. प्रत्येक व्रताला गणूकडून एक पट्टी यायची, आवडाबाई स्वतः आणून द्यायच्या. सून सुधारली म्हणून त्या चाळभर सांगत फिरल्या. प्रीतम ज्या दिवशी जवळ यायचा त्या दिवशी देवयानी मोरीत जाऊन एक गोळी गिळायची, आणि बाकीच्या जपून ठेवायची. गंमत म्हणायची तर गंमतच होती. सासू नातवासाठी देवाला साकडं घालत होती आणि सून त्याच देवाच्या नावानं नातू अडवत होती. दोघी एकाच पाटावर बसून हात जोडायच्या.

तिला फसवल्याचं वाईट वाटायचं. पण जून जवळ येत होता. कपाटातला खालचा कप्पा तिनं सान्वीच्या कपड्यांसाठी रिकामा करून ठेवला होता. पाळी कित्येक महिने आली नाही तेव्हा तिला उलट धीर आला, गोळी लागू पडली म्हणून.

मे महिन्यात पोटात काहीतरी हलायला लागलं.

आधी तिनं दुर्लक्ष केलं. मग घाबरली. तिला गेल्या सहा वर्षांत एकच धडा पुन्हा पुन्हा शिकवला होता: तुला जे वाटतं ते खरं असेलच असं नाही. ऐकू येईल ते खरं नाही, दिसेल ते खरं नाही, आणि असं काही वाटलं की लपवायचं नाही, लगेच डॉक्टरला सांगायचं. शहाण्या पेशंटनं वागावं तशी ती वागली. तिनं सांगितलं.

"पोटात काहीतरी फिरतंय असं वाटतं," ती म्हणाली. "आतून ढकलल्यासारखं."

डॉक्टरनं प्रथमच मान वर करून तिच्याकडे बघितलं. "कुणी आत आहे असं वाटतं का?"

ती गोंधळली. "असं वाटतं खरं."

त्यानं प्रीतमकडे बघितलं, प्रीतमनं त्याच्याकडे. पोट गोळ्यांनी सुटलेलंच होतं. पाळीचं कुणी विचारलं नाही. भास परत सुरू झालेत, असं डॉक्टर म्हणाला आणि त्यानं गोळी वाढवून दिली. ती सकाळ-दुपार झोपायला लागली. प्रीतमनं बहिणीला फोनवर सांगितलं, सांगायला हवंच होतं, ठरलंच होतं तसं. पलीकडून समृद्धी काय म्हणाली ते देवयानीला ऐकू आलं नाही, पण प्रीतम म्हणाला, "हो ताई, बरोबर आहे तुझं." जूनमध्ये सान्वीचं नाव कळव्याच्या शाळेत पहिलीत घातलं. तिचा नव्या गणवेशातला फोटो प्रीतमच्या मोबाईलवर आला. देवयानीनं तो बघितला आणि कपाटाच्या त्या रिकाम्या कप्प्यात तोंड घालून ती मुकाट रडली. रडण्याचाही आवाज होऊ देऊन चालणार नव्हतं, गोळी आणखी वाढली असती.

जुलैत आवडाबाईंनीच ओळखलं. सून आंघोळीहून बाहेर आली तेव्हा ओल्या साडीतून त्यांना पोट दिसलं, आणि गोळ्यांनी सुटलेलं पोट आणि भरलेलं पोट यातला फरक चार बाळंतपणं केलेल्या बाईला सांगावा लागत नाही. कल्याणच्या एका डॉक्टरीणबाईंकडे सोनोग्राफी झाली. सहावा महिना सरत आला होता. ज्याला सगळे भास म्हणत होते तो लाथा मारत होता.

"मला हे नको होतं," देवयानी टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली. "मी गोळ्या घेत होते. देवाधर्माच्या. मी सगळ्यांना सांगितलं होतं."

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या गोळीनं दिवस थांबत नाहीत हे त्यांनी समजावलं, आता काही करायची वेळ गेलीय हेही सांगितलं. मग त्या हळहळून म्हणाल्या, "अहो, इतकं होतं तर आधी कुणाला तरी विचारायचं नाही का?"

देवयानीला हसू आलं. ते थांबेना. आवडाबाईंनी तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी प्रीतमला बजावलं होतं, या डोक्याच्या गोळ्यांतली एक बाळाला घातक आहे, उद्याच्या उद्या ठाण्याला जाऊन बदलून घ्या, पण बंद करू नका. आवडाबाईंनी यातलं घातक एवढंच उचललं. घरी आल्या आल्या गोळ्यांचा डबा त्यांच्या ट्रंकेत गेला. देवयानीनं मागितला, विनवलं, नवऱ्यासमोर हात जोडले. "मला बदलून द्या, पण द्या. माझं काय होतं ते तुम्ही बघितलंय." प्रीतम आईकडे बघून म्हणाला, "बाळ होईपर्यंतच गं. तीन महिने काढ ना." ठाण्याची तारीख त्यानं पुढे ढकलली. डोक्याच्या पेशंटला आता पोटाचं कारण मिळालं होतं आणि घरात सगळे तिच्याशी पहिल्यांदाच लाडानं बोलत होते.

पंधरवड्यात झोप गेली. मग एके दिवशी स्वयंपाकघरातला नळ बोलायला लागला. पाणी गेलेलं असायचं, नळ कोरडा, आणि आतून एक बाई हळू आवाजात तिला काय काय सांगायची. अजून देवयानीला कळत होतं की नळ बोलत नाही. ते कळणं दिवसेंदिवस पातळ होत चाललंय, हेही कळत होतं. आणि यातलं भयंकर ते हेच होतं, की आपलं डोकं जाताना तिला स्वतःला दिसत होतं.

श्रावणात आवडाबाईंनी डोहाळजेवण घातलं. चाळीतल्या बायका आल्या, शालनही आली, फुलांचे दागिने आणून तिनंच देवयानीच्या दंडाला बांधले. झोपाळ्याऐवजी सजवलेल्या खुर्चीत बसवायचं होतं. कळव्याहून समृद्धी आली, सान्वीला नटवून. देवयानीनं समृद्धीला आतल्या खोलीत ओढलं आणि दार लोटलं.

"ताई, एक ऐकाल? आत्ता मी शुद्धीत आहे, म्हणून आत्ताच सांगते."

समृद्धी सावध झाली. गेलं वर्षभर तिला एकच भीती होती, ही पोर मागेल. "बोल."

"सान्वीला आता इकडे आणू नका."

समृद्धीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी फोन करीन," देवयानी म्हणाली. "रडेन. शिव्या देईन तुम्हाला, चोर म्हणेन. कदाचित तुमच्या दारात येऊन उभी राहीन. तरी देऊ नका. दार उघडू नका. ह्यांना नाही पटणार, आईंना तर मुळीच नाही, म्हणून तुम्हाला सांगते. पोर तुमच्याकडे राहिली तर वाचेल. आणि जमलं तर हे बाळ पण न्या. पहिल्याच दिवशी न्या."

समृद्धीनं तिला मिठी मारली आणि ती ढसाढसा रडायला लागली. ते रडणं दुःखाचं होतं की सुटकेचं, ते तिचं तिलाच ठाऊक. "मी कायम तुझीच म्हणून वाढवेन गं तिला," ती म्हणाली. देवयानी नाही म्हणाली. "तुमचीच म्हणून वाढवा. तिला माझं काही सांगू नका."

बाहेरून आवडाबाईंनी हाक मारली. देवयानीला खुर्चीत बसवलं, ओटी भरली, बायकांनी गाणी म्हटली. सान्वी समृद्धीच्या मांडीवर बसून सगळं टकामका बघत होती. "मामी किती छान दिसते ना, आई?" ती समृद्धीच्या कानात म्हणाली, पण लहान मुलांचं कानातलं बोलणं खोलीभर ऐकू जातं. दर वेळी देवयानी तिला हळूच म्हणायची, मामी नाही गं, मी पण आई. आज तिनं नुसतं हसून मान डोलावली.

शालननं ताट पुढे आणलं. ताटात दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बायका हसत हसत पुढे सरकल्या, आवडाबाईंनी देवाकडे बघून हात जोडले.

"सांग गं देवयानी," शालन म्हणाली. "काय पाहिजे तुला?"

सगळ्याजणी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काय पाहिजे, असं तिला त्या घरात कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. तिनं एकदा सान्वीकडे बघितलं आणि हाताशी जी वाटी होती तिच्यावरचं झाकण काढलं. पेढा निघाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आवडाबाईंनी तो उचलून सुनेच्या तोंडात घातला.